रोज सहा, रोज चार आणि एक गुप्त आकडा

डोंबिवलीत आमच्या इमारतीत फोन एकच, तोही तळमजल्यावरच्या काकूंकडे. फोन आला की काकू हाक मारायच्या आणि मी बोलत असेपर्यंत शेजारी बसून गवार मोडायच्या. एवढी गवार त्या घरात खायचं कोण, देव जाणे.

मला फोन यायचा ठाण्याहून, ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं त्याचा. वडिलांना तो नको होता, कारण मुलगा मी शोधलेला. पुन्हा भेटलीस तर साताऱ्याला मामाकडे पाठवीन आणि तो आणेल त्या पहिल्या स्थळाला उजवीन, असं त्यांनी ठणकावलेलं. काकूंना कळलं की संध्याकाळच्या आत वडिलांना कळलंच म्हणून समजा.

म्हणून मी शक्कल काढलेली. त्याने टायपिंग क्लासचा कारकून म्हणून फोन करायचा. मी मनाला येईल तो आकडा सांगायचा, आज इतकी पानं झाली म्हणून. त्यानेही मनाला येईल तो सांगायचा. त्यांत मिळवायचा गुप्त आकडा, पाच. तो आम्ही समोरासमोर एकदाच ठरवलेला, फोनवर कधीच उच्चारला नाही. ही बेरीज म्हणजे त्या दिवसाची किल्ली. मग तो माझा 'रोल नंबर' सांगायचा. त्यातून किल्ली वजा केली की भेटायच्या जागेचा क्रमांक निघायचा. एक म्हणजे डोंबिवलीतलं गणपतीचं देऊळ, तीन म्हणजे ठाण्याची तलावपाळी. आकडे रोज नवे, तर किल्ली रोज नवी. फोनमधला त्याचा आवाज शेजारी ऐकू जायचा, पण काकू ऐकेनात का खुशाल. स्वतःच्या अकलेवर मी बेहद्द खूश होते.

तीन आठवड्यांनी एकदा रोल नंबर अठरा आला. मी नटूनथटून तलावपाळीवर गेले, तर बाकावर तो, त्याच्या हातात भेळ आणि शेजारी काकू.

"बस," काकू म्हणाल्या. "सोळा म्हटलं की तू देवळाकडे वळतेस, अठरा म्हटलं की ठाणं गाठतेस, मागोमाग येऊन बघितलंय मी. रोज आपलं सहा आणि चार, सहा आणि चार. बदलायचे तरी गं."

माझे सहा एक वेळ समजू शकते. क्लासात खरंच रोज सहाच पानं व्हायची, दुसरं काही जिभेवर येईना. पण हा?

"ऑफिसात चार कप चहा होतो," तो म्हणाला. "तेच सांगायचो. उगाच खोटं कशाला?"

कारकून बनून फोन करणारा माणूस हे म्हणतो. गुप्त पाचसुद्धा त्याने काकूंना सांगून टाकलेला. कोणी मारलं नव्हतं, नुसती भेळ दिलेली. त्याला तलावात ढकलून द्यावं इतका मला राग आला.

"वडील आले की मी वर येते," काकू मला म्हणाल्या. घरी जाऊन मी रडत रडत बॅगच भरायला घेतली.

काकू आल्या आणि त्यांनी वडिलांना सगळं सांगितलं, बेरीज-वजाबाकीसकट. शेवटी म्हणाल्या, "भावजी, चोरून भेटतानाही ह्या पोराला एक खोटा आकडा ठोकून देता आला नाही. असा जावई दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही."

 वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार कप फार होतात. लग्नानंतर दोनावर आण."