हळदीकुंकवाला आलेली बाई

आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, आणि दारात आलेल्या बाईला तू कोण, कुणाची, असं कुणी विचारत नाही. माझ्या सासूबाई मालवणच्या, त्यांचं एकच पालुपद, "दारात इलेली सवाशीण रिकामी धाडूची नाय." त्या वर्षी ह्याच रीतीने आमची वाट लावली. रीतीला शिव्या घालू नयेत म्हणतात. मी घालते.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका औषधाच्या कंपनीत मी कामाला आहे. इंजेक्शनच्या बाटल्या उजेडासमोर धरायच्या आणि आत कण, केस, काचेचा चुरा दिसतो का ते बघायचं, दिवसभर तेच. सगळ्या बायका, सगळ्या कंत्राटी. दर काही महिन्यांनी आम्हाला कागदावर काढून टाकायचे आणि परत नव्याने घ्यायचे, म्हणजे पर्मनंट करायला नको. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारीने हे पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवलं. तोंडाने फटकळ, पण कुणाचं पोर आजारी पडलं की सगळ्यात आधी धावणारी. आमचं दोघींचं इतकं गूळपीठ, की बाकीच्या म्हणायच्या, तुमचं काय एकाच मांडवात लग्न लागलं होतं का गं.

गेटवर चौघी उभ्या राहिलो तरी पोलीस येऊन पांगवायचे. जमावबंदी म्हणे. हॉल मागायला गेलो तर हॉलवाल्याने हातच जोडले. म्हणाला, ताई, आता दिवस वेगळे आलेत, मीटिंगबिटिंगला जागा दिली की मलाच उचलतील. मग माझ्या ह्या मैत्रिणीलाच सुचलं. "हळदीकुंकवाला कोण अडवतंय? माझ्या घरी करू ना. वाण घ्यायचं आणि बोलायचं." आम्हाला वाटलं, काय झकास डोकं चालवलंय पोरीने.

ठरलेल्या संध्याकाळी तिच्या घरी मुंगी शिरायला जागा नव्हती. कंपनीतल्या बायका, तिच्या सोसायटीतल्या बायका, सगळ्या काळ्या साड्या नेसून. त्यात ती एक बाई. तिला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, गाळणीचं वाण दिलं. कंपनीतल्यांना वाटलं ती सोसायटीतली, सोसायटीतल्यांना वाटलं ती कंपनीतली. तिने उखाणासुद्धा घेतला, आम्ही हसलोसुद्धा. सोसायटीतल्या बायका गेल्या, ती मात्र आमच्यातच बसून राहिली. मैत्रिणीने मग विषय काढला. सोमवारी कुणी कामावर जायचं नाही, गेटसमोर बसायचं. ती बाई मान डोलवत ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "दुसऱ्या शिफ्टच्या येतील ना गं?" आणि आम्ही शहाण्या, कोण कोण येणार ते तिला पटापट सांगत सुटलो.

सोमवार उजाडायच्या आधीच मैत्रिणीला घरातून उचललं. लोकांना भडकवणं, कट करणं, आणखी काय काय लावलं तिच्यावर. आम्हाला एकेकीला चौकीवर बोलावलं. साहेब आवाज चढवत नव्हता, उलट माझ्यासाठी चहा मागवला. मग हसत म्हणाला, "सुपरवायझरच्या तोंडाला कुलूप लावते, असं तुम्हीच म्हणालात ना?" मीच म्हणाले होते, अगदी ह्याच शब्दांत, हळदीकुंकवाला वाटाण्याची उसळ खाताना. माझं बोलणं त्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि उचललेला कप मी खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

बाहेर आल्यावर आम्ही एकमेकींना विचारलं, सोसायटीतल्या गेल्यावर बसून राहिलेली ती बाई कोण होती. एक म्हणाली उंच, दुसरी म्हणाली बुटकी. एकीला तिच्या नाकात नथ आठवत होती, दुसरी शपथेवर सांगत होती की नाक मोकळं होतं. तिने उखाण्यात घेतलेलं नवऱ्याचं नाव कुणालाच सांगता येईना. बाटलीतला केस शोधून काढणाऱ्या आम्ही, आणि एवढी धडधाकट बाई आम्हाला दिसलीच नव्हती.

तेव्हापासून कंपनीत कुणी बोलत नाही. नुसता बाटल्यांचा आवाज. जेवायच्या सुट्टीत ज्या बायका एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या, त्या भिंतीकडे तोंड करून जेवतात. मैत्रिणीची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसायला कुणी तयार होईना. मी तर बाजारात मागून कुणी "अगं" म्हटलं तरी दचकायचे. राग यायचा, त्यांचा आणि आमचाही. पण जास्त भीतीच वाटायची, खोटं कशाला बोलू.

पुढे कित्येक महिन्यांनी मैत्रिणीला जामीन मिळाला. अट अशी, की कंपनीतल्या कुणाला भेटायचं नाही. भेटली की परत आत. ती मुलुंडला भावाकडे राहायला गेली. मी जायला नको होतं, कळत होतं मला. पण माझ्या जिवाला चैन नव्हतं. एकदा नुसती डोळ्यांनी बघून येऊ म्हणून, बस बदलत बदलत गेले.

तिनेच दार उघडलं. लोखंडी जाळीचं दार मात्र बंदच ठेवलं. बारीक झाली होती, केस पांढरे झाले होते. मला रडू फुटलं. ती रडली नाही. म्हणाली, "एक विचारू? ती बाई तुझ्याबरोबर आली होती ना?"

"माझ्याबरोबर? वेडी झालीस का तू? मी एकटी आले होते."

"मी दार उघडलं तेव्हा तुम्ही दोघी उभ्या होतात. तू तिला म्हणालीस, चल गं आत."

मला काहीच आठवेना. जिन्यात कुणी होतं का, माझ्यामागून कुणी चढलं का, काही म्हणजे काही नाही. पण दारात एखादी बाई उभी दिसली तर मी "चल गं आत" म्हणालेच असेन. कुणीही म्हणेल. तेच तिला सांगायला गेले, तर माझं मलाच खोटं वाटायला लागलं.

"देवाशपथ, मी ओळखत नव्हते तिला."

"बरं," ती म्हणाली. बरं एवढंच. मग हळूच म्हणाली, "जा आता. कुणी बघितलं तर मला परत नेतील."

मी जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि वळून वर पाहिलं. ती खिडकीत आली होती. मी हात वर केला, तिने केला नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या आजूबाजूला बघत होती, माझ्याबरोबर कोण आलंय ते.