पोटरीवरचा अंगठा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की दुसरंच काही बोलायचो, आणि कारंजात पांढऱ्या केसांच्या गुरुजीला कुणी अडवत नाही. आता माझी बोटं वळत नाहीत, शिकायला कुणी येत नाही. जे घडलं ते लिहून ठेवतो आहे. त्यानं कुणाचं भलं होईल असं मात्र मला वाटत नाही.

मी शाळेत पी.टी. शिकवायचो. पाठीच्या दुखण्यापायी नागपूरला एका विहारात उतरलेल्या जपानी भंतेंकडे गेलो आणि सुट्ट्यासुट्ट्यांत त्यांच्याकडून शिआत्सु शिकलो. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत गादी अंथरून उपचार सुरू केले, मग वर्गही. लोक त्याला जपानी मालिश म्हणत. त्यात तेल नसतं, चोळणं नसतं, अंगावरचे कपडेही तसेच राहतात. अंगठा टेकवायचा, आपलं वजन हळूहळू त्यावर सोडायचं आणि थांबायचं. बाजार समितीतला एक म्हातारा हमाल उठून बसत म्हणाला होता, "तेल नाई, घासणं नाई, तुमी तं नुसते माह्या अंगावर रेलले गुरुजी. तरी बरं वाटून राह्यलं, हे काय झेंगट आहे?"

वर्गात पहिल्याच दिवशी मी बजावत असे की एकच पाय सुजलेला आणि गरम असेल, तर त्याला दाब द्यायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं. भंतेंनीही मला हेच आधी शिकवलं होतं.

माझ्या वर्गात आसेगावची एक बाई येई. नवरा वारलेला, एक मुलगी, भावाच्या घरी आसरा. मंगरूळपीरला बस बदलून यायची. इथल्या बायकांना पुरुषाचा हात चालत नाही, त्यामुळे शिकून होताच तिला घराघरांतून बोलावणी येऊ लागली. लोक तिला जपानी बाई म्हणत आणि तिला ते आवडे. शेतात निंदणाला जाणं सुटलं. कारंजात खोली घेतली, मुलीला इथल्या शाळेत घातलं. तिच्याजवळ जे होतं ते या नावावर होतं.

एका व्यापाऱ्याच्या घरून बोलावणं आलं. त्यांच्या पत्नीचा, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पाय मोडला होता आणि प्लास्टर नुकतंच निघालं होतं. पुरुषमंडळी बैठकीत बसली. मी फक्त बाजूला उभा राहून सांगेन, हात बाईच लावेल, असं ठरलं आणि दार लोटून घेतलं.

बाई कमरेपासून दाब देत खाली आली आणि काकूंच्या डाव्या पोटरीशी थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी वाकून हात टेकवला. पोटरी गरम होती, दुसरीपेक्षा जाड होती. हे मला कळलं, त्यात शंका नाही. पण तेवढ्यात काकू म्हणाल्या, बाईचा हात हलका आहे, गुरुजींचं एवढं नाव ऐकलं होतं. मला ते लागलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी जे झालं नाही ते मी करून दाखवीन असं वाटलं. मी तिला सरकायला सांगितलं आणि गुडघ्यामागून खाली माझा अंगठा रोवत आणला. काकू म्हणाल्या, आता कसं बरं वाटतं.

बाहेर आल्यावर त्यांच्या मालकांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "सगळं बाईनंच केलं, मी नुसता उभा होतो." परक्या बाईच्या पायाला हात लावला हे नवऱ्यापुढे कसं सांगणार? त्या वेळी ते खोटंही वाटलं नाही, रीत वाटली.

संध्याकाळी काकूंचा श्वास कोंडला आणि त्या गेल्या. दवाखान्यात सांगितलं, पायातली रक्ताची गाठ सुटून छातीत गेली. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, त्या बाईनं पाय दाबला. मी तिथंच उभा होतो.

ती माझ्या दारात आली. रडली नाही. "गुरुजी, तुमी सांगा ना त्यायले," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, थोडं थंड होऊ दे. थंड झालं नाही. बोलावणी बंद झाली, घरमालकिणीनं खोली सोडायला लावली, मायलेकी आसेगावला परतल्या. पुढे मुलीची सोयरीक ठरत आली होती, ती पोराकडच्यांनी हे ऐकून मोडली. माझे वर्ग चालूच होते. एका कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ देताना वक्ता म्हणाला, गुरुजींचं मन मोठं, कुणालाही जवळ करतात, मग फसगत व्हायचीच. लोक हसले. मी शाल नीट केली.

गेल्या वर्षी मी आसेगावला गेलो. तिनं खाट टाकली, चहा केला. मी माफीचं बोलणं जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "मले माफी नाई पायजे गुरुजी. माफीचं मी काय करू? तुमी त्या घरी जा आन् एकडाव खरं सांगून टाका. माह्या पोरीकडे पाहून तरी."

मी हो म्हणालो. परतीच्या बसनं कारंजात उतरून थेट त्या घरी गेलो. मालकांनी उठून हात धरला, खुर्ची दिली. म्हणाले, बरे आले गुरुजी, खांदा लय आखडला. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि खांदा दाबत राहिलो. ते काकूंच्या आठवणी सांगत होते. मी हूं हूं करत होतो. मग घरी आलो.

या हिवाळ्यात मालक वारले. मुलं पुण्याला गेली, घराला कुलूप आहे. मी पुन्हा आसेगावला गेलो, तर ती मुलीला घेऊन कुठेतरी कामाला गेली असं भावजयीनं सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. दारातूनच म्हणाली, आता कायले आले?

मी जे म्हणायला गेलो होतो ते एवढंच होतं: पोरी, त्या पायावरचा दाब माहा होता, तुहा नाई. मले ठाऊक होतं आन् मी बोललो नाई. मले माफ कर.