दोड्ड नीर, अर्थात आमची समुद्राची सहल

समुद्राला जायचं मी ठरवलं नव्हतं, बोलून गेलो होतो. गौरीचा शेवटचा पेपर गणिताचा, पोरगी रडवेली झालेली. मी म्हटलं, "पेपर नीट लिही, समुद्र दाखवतो." गौरी नऊ वर्षांची. धाकटा ओमू पाचाचा. त्यानं त्याच संध्याकाळी बाथरूममधला मग स्वतःच्या बॅगेत भरून टाकला, वाळूसाठी. दोन दिवस आम्ही पातेल्यानं आंघोळ केली.

सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत माझं पुठ्ठ्याची खोकी बनवायचं युनिट आहे. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहिलो, मग स्वतःचं टाकलं. शनिवारी पहाटे निघायचं होतं आणि शुक्रवारी फोन आला की सोमवारी एक मोठं गिऱ्हाईक युनिट बघायला येतंय. असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. म्हणजे रविवारी रात्रीपर्यंत परत, म्हणजे समुद्र रद्द. पण हे पोरांना सांगणार कोण?

इथं आमच्या घरची एक सोय सांगतो. मी मंद्रूपकडचा, बायको सुजाता अक्कलकोटची, दोघांचीही घरची बोली कन्नड. मुलांशी मात्र मराठीच. कन्नड आम्ही राखून ठेवली ती त्यांच्यापासून लपवायच्या गोष्टींसाठी. फ्रीजमध्ये आईस्क्रीम आहे, उद्या इंजेक्शन आहे, पाहुण्यांनी आणलेली मिठाई वर ठेव, हे सगळं कन्नडमध्ये. लहान मुलं असलेल्यांनी ही सोय जरूर करून घ्यावी, असं मी आजवर चार मित्रांना सांगितलंय.

शनिवारी साडेपाचला निघालो. एप्रिलात जाणार असाल तर याहून उशीर करू नका, दहानंतर गाडीचा एसीसुद्धा हात टेकतो. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दोन मोठी पाण्याची भांडी घेतली होती. मंद्रूपला चहाला थांबलो. चहावाल्या मावशींनी ओमूच्या हातातला मग बघितला.

"कुटं निघालाव?"

"समुद्राला," ओमू.

"अगं बया, लई लांब हाय की. त्यो मग पुरंल का?"

टाकळीला भीमा ओलांडली आणि मी मुद्द्यावर आलो. अडचण एकच, समुद्राला कन्नडमध्येही समुद्रच म्हणतात. म्हणून मी म्हटलं, "दोड्ड नीर इल्ल." मोठं पाणी नाही. बदामी बघू, उद्या परत फिरू, पुढे रस्ता बंद आहे असं सांगू.

सुजाता कन्नडमध्येच म्हणाली, "तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार." आणि खिडकीबाहेर बघत बसली. मागे दोघं एकदम गप्प झाली होती. मला वाटलं, झोपली.

विजयपूरला साडेआठपर्यंत पोचलो. गोल घुमट बघायचा तर सकाळी दार उघडायच्या वेळेलाच जा. नंतर सहलीची पोरं येतात आणि वर नुसता किंकाळ्यांचा बाजार भरतो. पंधरा वर्षांखाली तिकीट नाही. जिना अरुंद, पायऱ्या उंच, ओमू चौथ्या मजल्यानंतर माझ्या खांद्यावर. वर घुमटाच्या आत गोल सज्जा आहे. एका टोकाला भिंतीशी पुटपुटलं की समोरच्या टोकाला भिंतीला कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं.

गौरी एकीकडे उभी राहिली, ओमू समोर, आईचं बोट धरून. मी मधेच एका जागी भिंतीला कान लावला. माझे कान तसे तयार आहेत. मशीनचा पट्टा तुटायच्या आधी मला केबिनमध्ये कळतं. पोरं काय 'कू' करतात ते ऐकू म्हटलं.

भिंतीतून गौरीचा आवाज आला, "ओमू, दोड्ड नीर इल्ल."

जरा वेळानं ओमूचा. "गोत्तैती." माहिती आहे.

मग पुन्हा गौरी. "अळब्याड." रडू नको.

मी कान काढलाच नाही भिंतीवरून. आणखी काही आलं नाही. तो शेवटचा शब्द तिनं कुठून उचलला तेही मला ठाऊक होतं. ओमूच्या पहिल्या इंजेक्शनला दवाखान्यात मीच डोळे पुसत होतो, तेव्हा सुजाता मला तसं म्हणाली होती. चार वर्षांची गौरी तेव्हा शेजारी उभी होती.

खाली उतरल्यावर पोरांनी समुद्राचं नाव काढलं नाही. तेच लागलं.

जेवायला एका खानावळीत गेलो. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, दही, चौघं मिळून चारशेच्या आत. पोरं हात धुवायला गेल्यावर मी सवयीनं कन्नडमध्ये सुरू झालो, "त्यांना सगळं कळतंय गं. आता समुद्राचा रस्ता बंद आहे असं कसं सांगायचं?"

गल्ल्यावरचे म्हातारे मालक चष्मा वर करून म्हणाले, "रोड चालू ऐतरी, साहेब. कालच माझा जावई अंकोल्याहून आला."

आपण कर्नाटकात बसलोय हे मी विसरलोच होतो. आजूबाजूची तीन टेबलं हसली. सुजाता सगळ्यात जास्त.

बाहेर येऊन सुपरवायझर नागनाथला फोन लावला. "सोमवारी मी नाही. गिऱ्हाईकाला तू युनिट दाखवशील?"

"दावतो की. तुमी जावा निवांत. तुमी असला की मशीनपेक्षा तुमीच जास्त बोलताव."

गाडीत बसल्यावर मी आरशात बघून, मराठीत, सांगितलं, "समुद्राला जायचंय." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गौरीनं आईला विचारलं, "खरं का?" मला नाही विचारलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: वाट विचारायची गरज नाही. सोलापूरहून निघालेला आपलाच बावन्न नंबरचा हायवे विजयपूर, हुबळी करत थेट अंकोल्याला, समुद्रापर्यंत जातो. हुबळीला मुक्काम केला, स्टँडजवळ साधी खोली दोन हजारांत मिळाली. यल्लापूरनंतर घाट आहे, त्याआधी पोरांना काही खाऊ घालू नका. आम्ही इडल्या खाऊ घातल्या आणि गाडी दोनदा धुतली.

रविवारी दुपारी समुद्र दिसला. ओमूनं मग भरून एक घोट घेतला, थुंकला आणि मला म्हणाला, "तुम्हीपण प्या." मी प्यायलो. संध्याकाळपर्यंत त्या दोघांना पाण्याबाहेर काढणं कुणाच्या बापाला जमलं नाही, म्हणजे मला.

परत येऊन आता महिना होतोय. गाडीत अजून वाळू निघते. गिऱ्हाईक येऊन गेलं, "कळवतो" म्हणालंय, अजून कळवलं नाही. नागनाथ म्हणतो ऑर्डर येईल, मला शंका आहे. त्या चार मित्रांना मी फोन करून माझा सल्ला मागे घेतलाय.

परवा जेवताना गौरीनं विचारलं, "अप्पा, दिवाळीत पुन्हा जायचं?"

मी सुजाताकडे बघून तोंड उघडलं. दोघांचे घास हातात थांबले. मी तोंड मिटलं आणि म्हटलं, "बघू."

ओमू भाताचा घास गिळून म्हणाला, "बघू म्हणजे इल्ल."

"व्हय," मी म्हटलं. "या दिवाळीला इल्ल. युनिटवर काम आहे."

"बरं," गौरी म्हणाली, आणि तिनं आमटी मागितली.