मनुकांचं पातेलं

शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. माझा थोरला भाऊ शांतवन तासगावला बेदाण्याच्या शेडवर काम करता करता छातीत कळ येऊन गेला. सांगलीत त्याला माती देताना मागं उभ्या असलेल्या दोघी कुजबुजल्या, प्यायचाच म्हणे अजून... मला वळून त्यांना गप्प करता आलं नाही. कारण ते पहिल्यांदा बोलली होती ती मीच.

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. फौजेतून सुटून आला तेव्हा दादा दारूत पार बुडालेला होता. वहिनींनी काय काय सोसलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नव्वदच्या सुमाराला त्याने सोडली, ती कायमची. पुढे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला काम दिलं तेही नेमकं प्रभुभोजनाच्या रसाचं. महिन्यातून एकदा आम्ही ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेतो. तो रस आमच्याकडे काळ्या मनुका उकळून, गाळून करतात. हे काम दादाकडे गेलं म्हणून मंडळीतले काहीजण नाराज झाले, मीही झाले. दादा मात्र शनिवारी पातेलं घेऊन, पूर्वी बंदूक साफ करायचा तितक्या मन लावून मनुका निवडायचा. एकदा मी खोचकपणे विचारलं, आता प्यावंसं वाटतच नाही का तुला? तो हसला.

"वाटतं की. जुना सायब हाय त्यो, हाक मारतोच. पर माझी बदली झालीया शालू. आता मी दुसऱ्याच्या हाताखाली हाय, जुन्याचा हुकूम मला लागू न्हाई." मग म्हणाला, "माझ्या ताकदीनं न्हाई हां. ताकद लावून लय येळा सोडून बघितलीती."

गेल्या मे महिन्यात पाळकसाहेब आजारी पडले आणि प्रभुभोजन आठवडाभर पुढे गेलं. केलेला रस चर्चच्या मागच्या खोलीत तसाच राहिला. उन्हाळा सांगलीचा, तो आंबून फसफसला. रविवारी सकाळी दादाने झाकण काढलं, वास घेतला आणि सगळा रस मागच्या झाडाखाली ओतून दिला. ओतताना तो सदऱ्यावर उडाला, अंगाला दारूसारखा वास येऊ लागला. तसाच तो दारात आला, आणि सगळ्या मंडळीसमोर मी म्हणाले, "दादा, परत सुरू केलंस?" त्याने माझ्याकडे बघितलं. "न्हाई गं," एवढंच म्हणाला, आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

त्याच दुपारी पाळकसाहेबांनी मला खरं काय ते सांगितलं. दोन पावलांवर त्याचं घर होतं. मी गेले नाही. रविवारच्या शाळेत मुलांना पापाच्या गुलामीतून सुटका शिकवणारी मी, मला धाकट्या बहिणीसारखं जाऊन "चुकले" म्हणता येईना. आठवड्याने तोच आला, मनुकांची पुडी घेऊन. चहा पिऊन बराच वेळ बसला. मी पावसापाण्याचं बोलत राहिले... आयुष्यात कधी थेंब चाखला नाही याचा मला केवढा तोरा होता! त्या तोऱ्याचा हुकूम तर मीच पाळत होते. प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब दरवेळी सांगतात, कुणाशी काही बिनसलं असेल तर आधी मिटवून या. ते ऐकूनही मी तीन महिने तो पेला घेत राहिले.

माती दिल्यावर पंधरा दिवसांनी वहिनी पातेलं घेऊन आल्या. "आता हे तुमी करा."

मी रडत म्हणाले, वहिनी, तो प्यायला नव्हता हे मला माहीत होतं.

"तुमास्नी म्हाईत हाय, हे त्यास्नीबी म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या. "तुमी कवा म्हणताय त्याची वाट बघत हुते."

गेल्या शनिवारी मी मनुका निवडल्या, उकळल्या, त्याच्याच फडक्यातून गाळल्या. रविवारी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, माझा भाऊ त्या दिवशी प्यायला नव्हता, आणि मला ते ठाऊक होतं. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसले. घरी येऊन पातेलं घासलं, पालथं घातलं. ते वाळेपर्यंत तिथंच बसून म्हणत राहिले... दादा, चुकले रे.