वनिताच्या बाबांचा सिनेमा

नंदनवन कॉलनीत माझ्या लहानपणच्या मैत्रिणीकडे, वनिताकडे गेले होते. तिने कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासासोबत एक जुनी व्हिडिओ कॅसेट बाहेर आली. मी एकदम कामठीच्या आमच्या गल्लीत जाऊन पोचले.

वनिताचे बाबा तरुणपणी मुंबईला पळाले होते आणि एका स्वस्तातल्या मारधाडीच्या सिनेमात गुंड झाले होते. सिनेमा आपटला. पुढे कितीतरी वर्षांनी त्याची कॅसेट मिळाली, भाड्याने व्हीसीआर आला आणि सगळी गल्ली त्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसली. हिरोने लाथ मारली, काका कठड्यावरून गवताच्या गंजीत पडले, उठले आणि कपडे झटकत पळाले. बस, एवढंच.

"रिवाइंड कर ना गा!" सगळे ओरडत होते. वनिताचा रुबाब पाहून माझा नुसता जळफळाट झाला. माझे बाबा पॉवरलूमवर कामाला. ते माझ्या शेजारी बसून टाळ्या पिटत होते. "पाह्य बेटा, कसा पडला!"

आता काका आणि बाबा, दोघंही नाहीत. वनिताने तो तुकडा मोबाइलवर उतरवून घेतलाय. तिने लावला. काका पुन्हा पडले, उठले, पळाले. माझ्याकडे बाबांचा फक्त एक फोटो आहे.

"रडून काहून राहिली वं?"

"तुले तुझे बाबा पळताना तरी दिसते."

तिने मोबाइल खाली ठेवला. "मले त्या दिवसाचे तुझेच बाबा आठवते. हसून हसून त्यांच्या डोळ्यातून पाणी येऊन राहिलं होतं."

ते मी पाहिलंच नव्हतं. वनिताने पाहिलं होतं.