कोटलिनचा इशारा मी गप्प केला होता

मंडळी, आज दुपारी जे घडलं, ते लिहितेय.

सांगलीतल्या एका हळदीच्या गोदामासाठी मी अॅप केलंय. कीड मारायला विषारी गोळ्या ठेवल्या की त्यांतून सुटलेला वायू आत किती आहे ते मोबाइलवर दिसतं. सेन्सरचा जुना कोड जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत, माझं अॅप कोटलिन या दुसऱ्या भाषेत. जावाकडून येणाऱ्या यादीत नेमकं काय असेल, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. कोटलिनला आकड्यांचीच यादी हवी, ते अडून बसलं. मी म्हटलं, आकडेच असणार, आणि जबरदस्तीनं कास्ट केलं, म्हणजे ही आकड्यांचीच यादी आहे असं कोटलिनला मानायला लावलं. 'हे तपासलेलं नाही' असा पिवळा इशारा आला, तोही एका ओळीत बंद केला.

या वेळी गोळ्या ठेवल्या तेव्हाच यादीत आकड्याऐवजी शब्द आले, 'सेन्सर बंद'. अॅप तिथंच गोठलं. पडद्यावर गोळ्या ठेवायच्या आधीचं हिरवं 'सुरक्षित' तसंच राहिलं.

ते बघून आज मुकादम रफिकचाचांनी दार उघडलं. पण आत न जाता लांब जाऊन उभे राहिले.

अॅप गोठल्याचं कळताच मी धावत पोचले, तर म्हणाले, "पोरी, जमिनीखालच्या पेवात हळद ठेवायचो, तवा झाकण काढलं की आदी पेटता कंदील सोडायचा. इझला तर आत हवा न्हाई, उतरायचं न्हाई. एकदा घाईत माझा धाकला भाऊ तसाच उतरला."



आता यादीतली प्रत्येक गोष्ट तपासूनच घेते. आकडा नसला की पडदा लाल.

तुमच्या कोडात असे किती इशारे गप्प केलेत? मी आत्ता माझे शोधले. अजून अकरा झाकणं निघाली.