शेवट सांगणारा कंडक्टर

अमरावती-अचलपूर गाडीवर सूर्यभान ढोके एकोणीस वर्षं कंडक्टर होता. या एकोणीस वर्षांत त्या रस्त्यावरच्या माणसांनी टॉकीजचं तोंड न पाहता किती पिक्चरचे शेवट ऐकले, याची मोजदाद नाही. शुक्रवार हा त्याच्या सुटीचा वार. नवा पिक्चर लागला की बाराच्या खेळाला तो हजर. शनिवारी सकाळी गाडी वलगावच्या पुढे निघाली, तिकिटं देऊन झाली, की ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला पाठ टेकून तो सुरू करायचा.

सांगायचा मात्र झकास. खलनायकाचं हसणं, नायिकेचे हुंदके, गोळ्यांचा आवाज काढायला सीटच्या पत्र्यावर बोटाची टकटक, सगळं एकट्याने. आसेगावच्या आसपास मध्यंतर व्हायचं आणि अचलपूर यायच्या आत खुनी सापडलेला असायचा. रस्त्यात ट्रॅक्टर आडवा आला आणि गाडी खोळंबली, तर मधे एखादं गाणंही जास्तीचं मिळायचं. आसेगावचे पंजाबराव नावाचे कापूसवाले शेतकरी तर शनिवारची कामं मुद्दाम याच गाडीवर बेतायचे.

शेवट सांगण्यात काही वावगं आहे हे सूर्यभानच्या कधी मनातही आलं नव्हतं. तो भातकुलीकडचा. लहानपणी गावात दंडार, म्हणजे सोंगांचं नाटक, व्हायची, दरवर्षी तोच राक्षस, दरवर्षी त्याच पाटाजवळ मरायचा. सगळ्या गावाला ते ठाऊक असायचं आणि तरी राक्षस आडवा पडला की बाया पोरांना छातीशी धरायच्या. गोष्ट माहीत असली म्हणजे ती जास्तच गोड लागते, असा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब पहिल्यांदा मोडला तो प्रणालीने. वलगावहून रोज अचलपूरला नर्सिंग शिकायला जाणारी मुलगी, एरवी कानात इअरफोन घालून बसणारी. त्या शनिवारी तिच्या फोनची बॅटरी संपलेली होती. सूर्यभान रंगात आला होता. "अन् मंग दार उघडते," तो म्हणाला, "अन् दारात कोण? तर ज्याले सारे मेला समजत होते तो मोठा भाऊ! त्यानंच मारलं होतं सार्‍यायले!"

प्रणाली ताडकन उभी राहिली.

"काका, काहून सांगितलं तुमी? दोन महिन्यापासून वाट पाहून राहिली होती मी. उद्याची तिकिटं काढली आमी सगळ्या पोरींनी."

"मंग जा ना पोरी. मी का नाई म्हणतो?"

"आता जाऊन पाहू काय? पडदा?"

गाडी हसली. प्रणाली हसली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली आणि उतरताना तिचे डोळे ओले होते. पोरगी पिक्चरसाठी रडते, हे सूर्यभानने बायकोला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज जरा पडलेला होता.

त्याची बायको सुभद्रा अंगणवाडीत मदतनीस. शुक्रवारी तिला सुटी नसायची, म्हणून वर्षानुवर्षं तिने सगळे पिक्चर नवर्‍याच्या तोंडूनच पाहिले होते. ती मेथी निवडत म्हणाली, "मले तं कधी वाईट नाई वाटलं बाप्पा. पण मी कुठी जाणार होती पाहाले? ते पोरगी जाणार होती."

त्यानंतर प्रणाली गाडीत असली की सूर्यभान शेवटाच्या अलीकडे थांबायचा. पोटात कळ दाबून धरल्यासारखा चेहरा व्हायचा त्याचा. ती उतरली की डेपोपर्यंतच्या पाच मिनिटांत उरलेल्यांना घाईघाईने शेवट सांगून टाकायचा.

दिवाळीनंतर अकोल्याचा ईशान नावाचा एक तरुण दिग्दर्शक डेपोत आला. वऱ्हाडातला पिक्चर करत होता, पंचवीस वर्षांपूर्वीचा काळ, आणि त्याला एस.टी.ची जुनी तिकीटपेटी आणि तिकिटाला भोक पाडायचा पंच चालवणारा कंडक्टर हवा होता. आता सगळीकडे मशीन. नव्या पोरांनी पंच हातात धरला तर बोट चिमटायचं. सूर्यभानने पेटी काखेत घेतली, अंगठ्याने तिकीट उचकटलं आणि पंच असा वाजवला की ईशान म्हणाला, "काका, झालं. तुम्हीच."

तीन दिवस चित्रीकरण चाललं. एक जुनी लाल गाडी कुठून तरी आणलेली होती. सूर्यभानला एक वाक्य होतं: "चाला, आत सरका, दरवाज्यात उभे राहू नका." ते त्याने आयुष्यात लाखभर वेळा म्हटलेलं होतं, तरी कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा जीभ अडखळली. तिसऱ्या दिवशी तर कमाल झाली. एका बाईच्या हातात दोन तिकिटं द्यायची, एवढंच काम सतरा वेळा करून घेतलं. "यात का आहे एवढं?" असं त्याने विचारलंही. ईशान म्हणाला, "काका, गोष्ट कोणाला सांगू नका बरं." सूर्यभानने मान डोलावली. सांगणार काय? गोष्ट त्याला माहीतच नव्हती.

पिक्चर यायला अकरा महिने लागले, आणि ते अकरा महिने सूर्यभान गप्प बसला नाही. शेवट सांगता येत नव्हता, मग त्याने सुरुवातच फुगवली. तीन दिवसांचे आठ झाले. एका वाक्याचा अर्धा पिक्चर झाला. "माह्यावरच चालते गोष्ट," तो म्हणायचा, "कंडक्टर नाई तर पिक्चर नाई." "असा पिक्चर वऱ्हाडात झाला नाई अन् होणार नाई." अचलपूरच्या एका पानठेलेवाल्याने आधीच नारळ देऊन त्याचा सत्कार केला. नातेवाईकांचे फोन येऊ लागले. तो खोटं बोलत होता का? त्याला तसं वाटत नव्हतं. रोज सांगता सांगता त्याच्या डोळ्यापुढे तो पिक्चर तयार झाला होता आणि त्यात तो खरंच सगळीकडे होता.

शेवटी तो शुक्रवार उगवला. अमरावतीच्या टॉकीजवर गाडीतले तीस-बत्तीस लोक आले. पंजाबराव धुतलेलं धोतर नेसून, प्रणाली मैत्रिणींना घेऊन. सुभद्राने रजा टाकली होती आणि लग्नात नेसायची ती अंजिरी साडी नेसली होती. सूर्यभान मधल्या रांगेत बसला. दिवे गेले.

पडद्यावर लाल गाडी आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गाडीत एक बाई चढली, मग दुसरी. मग एक हात दिसला, तिकीट उचकटणारा, पंच वाजवणारा. आणि आवाज आला, "चला, आत सरका, दारात उभे राहू नका." आवाज भलत्याच कोणाचा होता, गुळगुळीत, पुण्याकडचा. हात गेला. गाडी पुढे निघाली. दुसरा प्रसंग सुरू झाला.

सूर्यभान वाट पाहत राहिला. आता येईल चेहरा, आता येईल. पडद्यावर कोण काय बोलतंय ते त्याच्या कानात शिरत नव्हतं, तो फक्त स्वतःला शोधत होता. मागच्या रांगेत कोणी तरी कुजबुजलं, "कुठी आहे बे सूर्यभान?" दुसरा म्हणाला, "तो हात होता ना मघा!" आणि दाबलेलं हसू आलं. मध्यंतराचे दिवे लागले तसा तो उठला. सुभद्राला म्हणाला, "चाल." ती म्हणाली, "तुमी व्हा पुढे, मी येतो." तो बाहेर जाऊन पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली उभा राहिला आणि पिक्चर सुटेपर्यंत तिथेच होता.

लोक बाहेर आले. त्याची नजर चुकवत ते गाड्या काढू लागले. पंजाबरावांनी मात्र आयुष्यात मनातलं कधी गाळून सांगितलं नव्हतं. "हात होता बाप्पा," ते म्हणाले, "आमी तं पूर्ण मानूस पाहाले आलो होतो." आणि धोतराचा सोगा सावरत निघून गेले. प्रणाली जवळ आली, जरा घुटमळली. "काका, हात मस्त आला तुमचा," ती म्हणाली, आणि ते तिने इतक्या मनापासून म्हटलं की सूर्यभानला अजूनच लाज वाटली.

शनिवारी गाडीत त्याने कुठलीच गोष्ट काढली नाही. वलगाव गेलं, आसेगाव गेलं, तो तिकिटं देऊन पुढच्या सीटवर बसून राहिला. कोणी चिडवलं असतं तर बरं झालं असतं. पण लोकांनी त्याला सांभाळून घेतलं, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

बुधवारी तो दुपारीच घरी आला. दाराशी चपला काढताना आतून सुभद्राचा आवाज ऐकू आला. शेजारची करिश्मा आली होती आणि सुभद्रा तिला पिक्चर सांगत होती.

सूर्यभान पायरीवरच बसला. बत्तीस वर्षांच्या संसारात सुभद्राने गोष्ट सांगितलेली त्याने ऐकली नव्हती, ऐकायचं काम नेहमी तिचं. ती त्याच्यासारखे आवाज काढत नव्हती. हळू, थांबून थांबून सांगत होती.

"दोघी सख्ख्या बहिणी वं, एकाच गावात दिल्या. दोन वावरांमध्ये एक विहीर, तिच्यावरून वीस वर्सं बोलत नाई. अन् रोज एकाच गाडीनं बजाराले जाते. एक पुढे बसते, एक मागे. मागची रोज पुढचीच्या अंबाड्याकडे पाहते. केस पांढरे होऊन राहिले, तेही तिले दिसते. पण बोलत नाई."

"मंग?" करिश्माने विचारलं.

"मंग एक दिवस पुढची जागा रिकामी."

पायरीवर सूर्यभानने श्वास धरला. आत सुभद्राही थांबली होती. करिश्मा म्हणाली, "मेली का वं?"

बाहेरून सूर्यभानच बोलला, "का झालं वं मंग?"

दोघी दचकल्या. सुभद्राने दाराकडे पाहिलं. "तुमी कवा आले? अन् तुमी तं गेलते ना उठून."

"सांग ना. मेली का ते?"

"नाई मेली. पुढच्या थांब्यावर चढते. पाय मोडलेला, काठी टेकत. साऱ्या जागा भरलेल्या, फक्त मागं बहिणीपाशी एक. ते येते अन् बसते. दोघी समोरच पाहते. मंग कंडक्टर येते. मागची पदरातून पैसे काढते अन् बोट दाखवते, दोन. अन् तो दोन तिकिटं फाडून तिच्या हातात देते." सुभद्राने स्वतःचा हात पुढे करून दाखवला. "हात दिसते फक्त, या एवढा, साऱ्या पडद्यावर. त्या हातानं जरा थांबून तिकिटं देल्ली, जसं का त्यालेही समजलं. मले तुमचा अंगठा वळखू आला, तो नखापासचा डाग. आजूबाजूच्या बाया रडून राहिल्या होत्या. अन् तुमी बाहेर झाडाखाली उभे!"

सूर्यभान आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिला. सतरा वेळा का करून घेतलं, ते त्याला आता समजलं. त्या हाताला काहीच समजलं नव्हतं खरं तर. सतराव्या वेळी तो नुसता थकला होता, म्हणून थांबला होता. पण हे त्याने तेव्हा सुभद्राला सांगितलं नाही.

"काहून सांगितलं नाई मले इतके दिवस?" त्याने विचारलं.

"तुमी ऐकून घेत होते का?"

अमरावतीहून पिक्चर आठवड्यात उतरला. अकोल्यात मात्र अजून एक खेळ होता, दुपारचा. पुढच्या शुक्रवारी दोघं सकाळच्या गाडीने अकोल्याला गेले. टॉकीजमध्ये मोजून चौदा माणसं. या वेळी सूर्यभानला सगळं ठाऊक होतं, कोण कुठे बसणार, जागा कधी रिकामी होणार, हात कधी येणार. त्यामुळे त्याला वाट पाहायची नव्हती. तो बघत बसला. म्हातारीच्या अंबाड्यात खोचलेली पिन त्याला दिसली. विहिरीच्या कडेला उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं, ते मागच्या वेळी पडद्यावर होतं यावर त्याचा विश्वास बसेना. पुढची जागा रिकामी झाली तेव्हा, म्हातारी जिवंत आहे हे माहीत असूनही, त्याने सुभद्राचा हात धरला. हात मोठा होऊन पडद्यावर आला तेव्हा तो हात आपला आहे हे तो घटकाभर विसरून गेला होता. सुभद्राने कोपराने ढोसलं तेव्हा आठवलं.

शनिवारी गाडीत पंजाबरावांनी विचारलं, "मंग? अकोल्याले जाऊन पुन्हा हातच पाह्यला का?"

"ठीक आहे पिक्चर," सूर्यभान म्हणाला. "लय काही नाई. मोबाइलवर आला अन् काम नसलं तर पाहा."

पंजाबराव चक्रावले. सूर्यभान पिक्चरला ठीक म्हणतो, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. दोन महिन्यांनी तो मोबाइलवर आला, पंजाबरावांनी नातवाकडून लावून घेतला, कारण टॉकीजमध्ये ते पिक्चर सोडून सूर्यभानचा चेहराच शोधत राहिले होते. सोमवारी ते गाडीत चढले ते सूर्यभानवर ओरडतच. "ठीक म्हणते बे याले? मी अन् माही म्हातारी, दोघंही रडलो! एवढा चांगला पिक्चर अन् तू सांगत नाई धड?"

सूर्यभान गालात हसला. त्याला किल्ली सापडली होती. पुढे तो प्रत्येक पिक्चरबद्दल हातचं राखून बोलू लागला. "बरा आहे." "वेळ जाते." लोक कमी अपेक्षेने जायचे आणि खूश होऊन यायचे, आणि गाडीत त्यालाच गोष्टी सांगायला लागायचे. प्रणालीने एकदा नव्या पिक्चरचा शेवट सांगायला तोंड उघडलं, तेव्हा त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि गाडी पोट धरून हसली.

खोड एकदा लागली की ती एका जागी राहत नाही. मागच्या महिन्यात ईशान अमरावतीला आला होता. सूर्यभानने त्याला घरी जेवायला आणलं आणि दारातच सांगितलं, "काही विशेष नाई बरं, ईशानभाऊ. आमच्या घरचं जेवण जेमतेमच असते. अंबाडीची भाजी, भाकर. पोट भरते, एवढंच."

स्वयंपाकघरात सुभद्राने लसणाची फोडणी पातेल्यात ओतली, चर्र आवाज झाला. मग ती दारात आली, हातातली पळी सूर्यभानकडे रोखून.

"ईशानभाऊ, तुमी बसा," ती म्हणाली. "अन् यायले म्हणा, जेमतेम जेवण जेमतेम मानसाले पुरते. यायनं आज बाहेरच खावं."